घटकाभर गळलेली घोंगडी

डोंगराच्या पायथ्याला मेंढेगाव नावाचं गाव होतं. तिथे निंबा नावाचा एक सणगर राहायचा. सणगर म्हणजे घोंगड्या विणणारा. त्याचा हात चांगला होता आणि तोंड वाईट.

घरात मागाचा खड्डा होता, आजोबाने खणलेला. सकाळी त्यात पाय सोडून निंबा मागाशी बसायचा, तो दिवस मावळेपर्यंत उठायचा नाही. त्या खड्ड्यावरच त्याचं पोट होतं. शेत नाही, मेंढरं नाहीत, दुसरं काही येतही नव्हतं.

घोंगडी विणायची तर आधी सुताला खळ द्यावी लागते. चिंचोके भाजायचे, दळायचे आणि पाण्यात शिजवायचे. त्याची जी चिकट पेज होते ती खळ. कुंच्याने ती ताणलेल्या सुतावर फिरवली की सूत कडक होतं आणि मागावर तुटत नाही. सगळेच सणगर खळ लावतात. त्यात खोटं काही नाही. खोटं पुढे सुरू होतं.

घोंगडी मागावरून उतरली की निंबा ती नदीवर न्यायचा, खडकावर टाकायचा आणि पायांनी तुडवायचा. आधी पाणी पिठासारखं निघायचं, मग गढूळ, मग नितळ. नितळ झाल्याशिवाय हा बाबा नदीतून बाहेर यायचा नाही. त्याचा बाप सांगायचा, गिऱ्हाईकाला लोकर विकायची, चिंचोके नाही. पण धुतलेली घोंगडी दिसायला मऊ आणि लोंबती. बघणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी वापरून टाकलेली आहे.

एकदा बाजारात एक गिऱ्हाईक म्हणालं, "निंबादा, ही घोंगडी हाय का सासऱ्याचं जुनं धोतार?"

"मग धोतार म्हणून नेस," निंबा म्हणाला. "चल, पुढं हो. सावली आडवू नको."

असं बोलल्यावर गिऱ्हाईक थांबतं का? ते पुढे व्हायचं आणि सटवाजीपाशी जायचं.

सटवाजी निंबाचा चुलतभाऊ. त्याच गल्लीत राहायचा. त्याचाही माग होता आणि हातही काही कमी नव्हता. पण तो खळ धुवायचा नाही. वरून आणखी दोन हात द्यायचा. लोकर कमी घालायची आणि उरलेली जागा खळीने भरायची. त्याची घोंगडी दारासारखी उभी राहायची. लोक तिला टिचकी मारायचे, "काय जाड माल हाय!" म्हणायचे आणि डोक्यावर घालून घरी न्यायचे. लोकांना टिचकी मारायला आवडतं. विचार करायला कष्ट पडतात.

त्या मुलखाचा एक राजा होता. राज्य नऊ गावांचं. डोंगरात काळखिंड नावाची वाट होती आणि तिथे राजाचे चाळीस शिपाई पहाऱ्याला असायचे. आदल्या पौषात तिथे अवकाळी पाऊस आला. वारा असा की उभं राहवेना. शिपायांच्या अंगावर बाजारातून आणलेल्या कडक घोंगड्या होत्या. सकाळी पाऊस सुरू झाला तेव्हा त्यांतून थेंब आत आला नाही. दुपारपर्यंत त्यांची चिंधी झाली. पाऊस तीन दिवस पडला. दोन शिपाई गारठून मेले.

राजाने चौकशी केली. पण तो माल दहा हातांतून फिरलेला. कुणी कबूल झालं नाही.

मग घटस्थापनेला राजाने दवंडी दिली. चाळीस घोंगड्या हव्यात, मार्गशीर्ष संपायच्या आत. सणगराने एकेक घोंगडी कोरडी घेऊन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वाड्यापुढे यावं. तिच्यात पाणी ओतून बघितलं जाईल. गळली नाही त्याला काम. गळली त्याच्या मागाचा खड्डा मातीने बुजवला जाईल. म्हणजे शिपायांना मारणारा माल पुन्हा कुणी विणणार नाही.

राजाला वाटलं, आपण फार शहाणी परीक्षा काढली. राजांना तसं वाटतंच. त्या खिंडीत भिजून जे जिवंत परत आले, त्यांना मात्र त्याने एका शब्दाने विचारलं नाही.

दुसऱ्या गावांच्या सणगरांनी खड्डा बुजवायचं ऐकलं आणि ते आलेच नाहीत. मेंढेगावच्या दोघांना मात्र चुकवता येईना. राजाचा वाडा त्यांच्याच गावात होता.

निंबाने तीन दिवसांत घोंगडी विणली. चौथ्या दिवशी तो ती खांद्यावर टाकून नदीकडे निघाला. बायको ठकू दारात आडवी उभी राहिली.

"ही धुवायची न्हाई," ती म्हणाली.

"का गं?"

"खळ हाय तवर पानी आत जात न्हाई. तुमच्याच तोंडनं ऐकलंय. येवढी एक राहू द्या तशीच. काम मिळालं की मग चाळीसच्या चाळीस धुवा. मी बी येते तुडवाया."

ती म्हणाली त्यात अक्कल होती, आणि तेच निंबाला सलत होतं.

"आन् गळली तर?" ठकूचा आवाज चढला. "खड्डा बुजला तर काय करायचं? बाजारात तोंड विकून पोट भरायचं? तुमचं तोंड कोन घेनार!"

"जे चाळीस जणांच्या अंगावर जानार, तेच राजाला दाखवायचं," निंबा म्हणाला. "दाखवायची येक आन् द्यायची येक, असलं आपल्या घरात झालं न्हाई. सर बाजूला."

त्याने घोंगडी तुडवली, धुतली, वाळवली. लोकर पाणी प्यायली की फुगते आणि विणीतली भोकं आपोआप मिटतात, हे त्याला ठाऊक होतं. किती वेळात मिटतात, हे त्याने कधी मोजलं नव्हतं. मोजायची वेळच आली नव्हती.

परीक्षेच्या दिवशी सगळा गाव वाड्यापुढे जमला. एका बाजूला चार बेलदार उभे होते. त्यांच्या हातात फावडी आणि पुढ्यात मातीने भरलेल्या पाट्या. राजाने त्यांना आधीच बोलावून ठेवलं होतं. लोक घोंगड्यांकडे कमी आणि त्या पाट्यांकडे जास्त बघत होते.

खिंडीतले आठ शिपाई पुढे आले. चौघांनी सटवाजीच्या घोंगडीची चार टोकं धरली, चौघांनी निंबाच्या. मधे झोळ सोडला. सटवाजीच्या घोंगडीचं एक टोक येताळा नावाच्या शिपायाच्या हातात होतं. गेल्या वर्षी खिंडीत मेले त्यांतला एक त्याचा थोरला भाऊ.

आधी सटवाजीच्या झोळात दोन घागरी ओतल्या. सगळ्यांनी खाली वाकून पाहिलं. एक थेंब नाही. झोळात पाणी तळ्यासारखं उभं राहिलं.

"शाब्बास!" लोक ओरडले.

मग निंबाच्या झोळात दोन घागरी ओतल्या. दुसरी घागर रिकामी व्हायच्या आत खालून धार लागली. मग थेंब. टपटप, टपटप. खालची धूळ काळी झाली.

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "निंबादा, घोंगडी इनली का चाळन?"

निंबाने वळून पाहिलंसुद्धा नाही. त्याचे डोळे झोळाच्या तळाला चिकटले होते.

राजाचा चेहरा उतरला. त्याने बेलदारांकडे हात केला. चौघांनी पाट्या डोक्यावर घेतल्या आणि निंबाच्या गल्लीकडे वळले.

"म्हाराज," निंबा म्हणाला, "येक घटका थांबा."

"कशाला? गळतेय ते मला दिसत नाही का?"

"गळतीय. खोटं कशाला बोलू. पन लोकर आजून जागी झाली न्हाई. कोरडी हाय. तिला पानी पिऊ द्या."

लोक पुन्हा हसले. सटवाजी पुढे येऊन हात जोडून म्हणाला, "म्हाराज, दादाचं मनावर घेऊ नका. मानूस बुडायला लागला की काय बी धरतो. माजी बगा, येक थेंब हाय का? शिपायांचं हात दुखत्यात. उतरवू द्या त्यास्नी."

राजाने मान डोलावली. बेलदार चार पावलं पुढे गेले.

इकडे येताळाच्या बोटांना काहीतरी चिकट लागत होतं. पाणी घोंगडीतून झिरपत त्याच्या हातापर्यंत आलं होतं. त्याने अंगठा बोटावर घासला. तो चिकटपणा त्याने ओळखला. गेल्या पौषात भावाच्या अंगावरची घोंगडी पिळताना त्याच्या हाताला हेच लागलं होतं. तेव्हा त्याला वाटलं होतं, चिखल असेल.

राजापुढे विचारल्याशिवाय बोलायचं नाही, अशी शिपायाला शिकवण असते. येताळाचे ओठ दोनदा हलले आणि दोनदा मिटले. बेलदार गल्लीच्या तोंडाशी पोचले.

"म्हाराज!" तो मोठ्याने म्हणाला. आवाज फाटला. "गेल्या सालच्या घोंगड्या बी पैल्यांदा गळल्या न्हवत्या!"

शिपाई विचारल्याशिवाय बोलला, म्हणून राजा क्षणभर रागाने लाल झाला. मग ते वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं.

"बेलदारांना थांबवा," तो म्हणाला. "वाटी आणा."

वाटी म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. घंगाळातल्या पाण्यावर सोडली की ती हळूहळू भरते. बुडाली की एक घटका झाली.

"वाटी बुडेपर्यंत दोन्ही घोंगड्या अशाच धरायच्या," राजा म्हणाला. "बुडाल्यावर जी गळत असेल, तिच्या धन्याचा खड्डा बुजेल. त्याआधी एकेकदा तुम्ही दोघांनी आपापल्या घोंगडीखाली जाऊन बघून घ्या. मग तक्रार नको."

वाटी पाण्यावर सोडली. आता कुणी हसत नव्हतं. निंबाची घोंगडी टपटपत होती.

वाटी पाव भरली. टपटप चालूच. वाटी निम्मी भरली. टोकं धरलेल्या शिपायांचे दंड थरथरू लागले. निंबाच्या झोळातलं पाणी अर्ध्यावर आलं होतं. सटवाजीचा झोळ अजून भरलेला होता, पण मघापेक्षा जरा खाली लोंबत होता. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळे थेंब बघत होते.

तेवढ्यात ठकू गर्दीतून वाट काढत आली. पदराखाली तांब्या होता. तिने तो निंबाच्या हातात कोंबला. तांब्या कोमट होता. त्यात शिजवलेली खळ होती.

"खाली जायाला मिळतंय न्हवं?" ती त्याच्या कानाशी म्हणाली. "चार बोटं फिरवा तळाला. कोनाला दिसनार न्हाई. तुमच्या पाया पडते."

निंबाने तांब्या घेतला. गल्लीच्या तोंडाशी बेलदार उभे होते. त्यांतल्या एकाने पाटी डोक्यावरून खाली ठेवली होती, ती आता पुन्हा उचलली. तांब्या धोतराच्या आड धरून निंबा वाकला आणि घोंगडीखाली गेला.

झोळ इतका खाली होता की बाहेरून त्याचे फक्त पाय दिसत होते. लोक त्या पायांकडे बघत राहिले. पाय हलेनात.

आत निंबा उकिडवा बसला. तांब्या त्याच्या पुढ्यात होता. डोक्यावर थेंब पडत होते, मानेवरून पाठीत उतरत होते. बोटं बुडवून फिरवायला कितीसा वेळ लागतो? त्याने तळहात घोंगडीला लावला. लोकर फुगली होती का? त्याला नक्की सांगता येईना. मग त्याने एक लांब श्वास घेतला आणि थेंब मोजले. सहा. पुन्हा एक श्वास घेतला. पाच. पुन्हा घेतला. पुन्हा पाचच. आणखी एक घेतला.

चार.

तो बाहेर आला. ठकूपाशी गेला आणि तांब्या तिच्या हातात दिला. तांब्या जसा होता तसा भरलेला होता.

"घरला ने," तो म्हणाला. "उद्या ताण्याच्या सुताला लागंल."

ठकूने कपाळावर हात मारून घेतला. तिला वाटलं, या माणसाला वेड लागलं.

मग सटवाजी आपल्या घोंगडीखाली गेला. लगेच बाहेर आला. झोळाला घासून त्याच्या खांद्याला काहीतरी चिकटलं होतं. ते पाणी नव्हतं. जाड, पांढुरकं, शेंबडासारखं होतं. त्याने ते घाईघाईने उपरण्याने पुसलं.

"म्हाराज," तो म्हणाला, "कशाला ह्या बिचाऱ्यांचं हात मोडायचं? दादाचा खड्डा बी बुजवू नका. मी त्याला माज्याकडं कामाला ठेवतो. मिटवून टाका हितंच."

"वाटी बुडाली का?" राजाने विचारलं.

"न्हाई, पन..."

"मग गप उभा राहा."

वाटी काठापर्यंत भरत आली होती. निंबाची घोंगडी आता थांबून थांबून गळत होती. एक थेंब. बऱ्याच वेळाने दुसरा. तो तळाशी लोंबला, मोठा झाला, पडणार असं वाटलं. पडला नाही. लोकरीने तो परत ओढून घेतला. पुढचा थेंब आलाच नाही.

त्याच वेळी सटवाजीच्या घोंगडीतून पहिला थेंब पडला. लांबुळका, चिकट. मग दुसरा, तिसरा. मग सगळ्या तळाला घाम फुटल्यासारखं झालं. येताळाला हातातलं टोक सैल वाटलं. वीण ढिली पडून सूत सुतापासून सरकत होतं. आणि एकदम भसकन सगळं पाणी खाली आलं. शिपायांच्या पायांवर पेज सांडल्यासारखा राडा झाला. चौघांच्या हातात जे उरलं, त्याच्या आरपार राजाचा वाडा दिसत होता.

घंगाळात टुपकन आवाज आला. वाटी बुडाली.

येताळाने टोक सोडलं आणि चिकट झालेले हात समोर धरून तो तसाच उभा राहिला. राजाने ते हात पाहिले.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" राजाने विचारलं.

"कुनी इचारलं न्हाई, म्हाराज."

राजाने खाली पाहिलं. मग सटवाजीकडे वळला. सटवाजीने हात जोडले.

"म्हाराज, कुनी मरावं म्हनून इनली न्हवती," तो म्हणाला. "लोकास्नी कडक आवडती. मी कडक दिली."

राजाने बेलदारांना हाक मारली आणि सटवाजीच्या घराकडे बोट दाखवलं. बेलदार वळले.

"खड्डा बुजवू नका," निंबा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. ठकू तर आ वासून.

"मला त्याची दया बिया न्हाई," निंबा खेकसला. "चाळीस घोंगड्या मार्गशीर्ष संपायच्या आत येका मागावर व्हायच्या न्हाईत. दहा-पंधरा शिपाई उघडं राहतील. सटव्याचा हात चांगला हाय. अक्कल तेवढी नदीत धुवाया पायजे."

राजाने थोडा विचार केला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "सटवाजी, तुझा खड्डा राहील. पण यंदा पौषात तू स्वतः काळखिंडीत पहाऱ्याला बसायचं. येताळाच्या शेजारी. आणि अंगावर घ्यायची ती तू विणलेलीच घोंगडी."

त्या वर्षी नदीवर लोकांनी एक नवल पाहिलं. सटवाजी पहाटेपासून पाण्यात उभा राहून घोंगड्या तुडवायचा. पाय पांढरेफटक पडायचे, तरी बाहेर येत नव्हता. पाणी नितळ झालं तरी आणखी तुडवायचा. निंबा काठावर बसून शिव्या घालायचा. चाळीस घोंगड्या वेळेत झाल्या. एकेचाळिसावी सटवाजीची स्वतःची.

पौषात अवकाळी पुन्हा आला. गेल्या वर्षीसारखाच वारा, आणि पाऊस तीन दिवस. गावातले लोक दारात येऊन खिंडीकडे बघत राहायचे. चौथ्या दिवशी सकाळी उघडलं आणि खिंडीतून माणसं उतरताना दिसली. वेशीवर राजा स्वतः उभा राहून मोजत होता. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. सगळ्यांत मागून, नाक लाल झालेला, खोकत खोकत, एकेचाळिसावा.

सटवाजी कुणाशी न बोलता थेट निंबाच्या दारात गेला आणि अंगावरची घोंगडी त्याच्यापुढे टाकली.

निंबाने ती उचलली. बाहेरून चिंब होती. आतून हात फिरवला. आत कोरडी होती.

"आजून येकदा तुडवाया पायजे हुती," तो म्हणाला. "ये, बस. ठकू, चूल पेटीव. ह्याला काय तरी गरम दे."

तात्पर्य: माल असो वा माणूस, कोरड्यात टिचकी मारून त्याची पारख करू नका, भिजल्यावर बघा. खरा आधी गळतो आणि मग टिकतो, खोटा आधी टिकतो आणि मग गळतो. आणि ज्याच्या अंगावर ते पांघरूण जाणार आहे, त्याला विचारल्याशिवाय निकाल देणारा राजा असला तरी मूर्खच.